हिवाळ्याचा आवाज

माझ्या नवऱ्यानं मला वर्षानुवर्षं रोज सकाळी पाणी आणून दिलं. तांब्याच्या फुलपात्रात कोमट पाणी आणि तळहातावर थायरॉइडची एक पांढरी गोळी. चहाच्या आधी, उपाशीपोटी. मी ती गिळेपर्यंत ते शेजारी उभे राहायचे. मुलाखत घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे कौतुकानं सांगत असे आणि प्रत्येकीचे डोळे भरून येत. गाणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांच्या गोष्टी आमच्या क्षेत्रात फारशा गोड नसतात, त्यामुळे आमची गोष्ट जरा जास्तच वाटली गेली. ती परत घ्यायची वेळ आली आहे, म्हणून हे लिहिते.

मी यशोमती मगदूम, राहणार मिरज. ख्याल गाते. आमचं गाव दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. एका गल्लीत भोपळे वाळत पडलेले, पुढच्या गल्लीत एक्स-रे काढायला रांग. या दोन गल्ल्यांच्या मध्ये आमच्या यांचं औषधांचं दुकान. दिवसभर दुकान, आणि मैफल असली की माझ्या पाठीमागे तंबोऱ्यावर. आमच्या घरात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण मला आता त्या पद्धतीचा कंटाळा आला आहे. त्यांचं नाव भरतेश.

तिशी ओलांडली तेव्हा माझा आवाज खाली उतरला. आधी मी काळी चारच्या पट्टीत गात असे, चारचौघींसारखी. पाहता पाहता काळी दोनवर आले. बायकांच्या गळ्यात सहसा न सापडणारा खर्ज माझ्या गळ्यात आला, जड, गडद आणि संथ. जाणकार म्हणाले, आवाजाला वजन आलं. माझी दरबारी ऐकायला पुण्यामुंबईची माणसं मिरजेला येऊ लागली. त्याच वजनाबरोबर माझं तोंड सुजत होतं, केस गळत होते, भर दुपारी स्वेटर लागत होता आणि जेवता जेवता डोळे मिटत होते, पण ते कुणी समीक्षेत लिहिलं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की तुमची थायरॉइडची ग्रंथी झोपी गेली आहे, आता जन्मभर रोज एक गोळी.

गोळीनं मी माणसात आले. त्या उन्हाळ्यात मी लोणची घातली, पापड लाटले, जिने पळत चढले. आवाजही चढला. कोल्हापूरच्या कार्यक्रमात मी काळी तीनमध्ये गायले आणि मध्यंतरात निम्मं सभागृह चहाला गेलं ते परत आलंच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की यशोमतीबाईंचा आवाज हलका झाला. मी खूप रडले. तेव्हा भरतेश म्हणाले की गणपती झाले की पहाटे उठून खर्ज भरायला लाग, गेलेला आवाज मेहनतीनं परत येतो. मी लागले. पहाटे अंधारात खालच्या सा वर बसायचं आणि छाती दुखेपर्यंत तिथंच राहायचं. दिवाळी गेली, आणि आवाज खरंच परत आला.

तेव्हापासून दर वर्षी तसंच. दसरा आला की आमच्या गल्लीतले तंबोरे बनवणारे इलाहीभाई माझ्या तंबोऱ्यावर जाड तारा चढवून द्यायचे, पाडव्याला पुन्हा पातळ. थंडीत यशोताईंचा गळा उतरतो आणि उन्हाळ्यात चढतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. हवेनं भोपळा बदलतो, लाकूड बदलतं, तारेची झणक, म्हणजे जवारी, बदलते. मग गळा बदलला तर त्यात नवल काय? दुसऱ्या कुठल्या गावात कुणी तरी विचारलं असतं. मिरजेत कुणी विचारलं नाही, आणि मला तर ती माझ्या साधनेची कमाई वाटत होती.

हिवाळ्यात मी शब्दही विसरायची. अस्ताई म्हणून झाली की अंतरा कुठं गेला ते कळायचं नाही. मग मागून, तंबोऱ्याआडून, भरतेश हळूच शब्द द्यायचे. तेही लोकांना फार गोड वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी गोळ्यांचा जमाना संपला. दंडात कातडीखाली तांदळाएवढा एक दाणा बसवतात. तो रक्तातला हार्मोन स्वतः मोजतो आणि जितका कमी असेल तितका सोडतो. विसरायचं काम नाही, उपाशी राहायचं काम नाही. मी दाणा बसवून घ्यायचं ठरवलं तेव्हा भरतेश पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. शरीरात परकी वस्तू कशाला, म्हणाले. मग म्हणाले की आपली सकाळची भेट जाईल. मी हसले आणि सांगितलं, गोळी गेली तरी पाणी आणत जा. ते आणू लागले, नुसतं पाणी.

त्या हिवाळ्यात आवाज उतरला नाही. पुढच्याही नाही. मी खर्ज दुप्पट भरला, पाय सुन्न होईपर्यंत बसले. शरीर कधी नव्हे इतकं ठणठणीत, आणि गळा पातळ. वयाला दोष दिला. हळूहळू आमंत्रणं नाकारायला लागले. माणूस गेल्यावर घर जसं गप्प होतं तसं आमचं घर गप्प झालं, आणि गेलं होतं काय, तर माझा आजार. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

हे कळलं ते कानामुळे. सरकारी नाव 'स्वरनिदान', पण सगळे त्याला कानच म्हणतात. तुम्ही काही वाक्यं बोललात की ते यंत्र तुमच्या रक्तात थायरॉइडचा हार्मोन किती आहे ते सांगतं. सुई नाही, रक्त नाही. फोनच्या सगळ्या सेवांना ते जोडल्यापासून फार गमती झाल्या. गॅस नोंदवायला फोन केला की सिलिंडर नोंदलं जायचं आणि पाठोपाठ निरोप यायचा की तुमचा आवाज एकदा डॉक्टरांना ऐकवा. आमच्या ओळखीत आळशी, मंद, सुस्त म्हणून नावाजलेल्या किती तरी सुना त्या वर्षी आजारी ठरल्या. त्यांच्या सासवा गप्प झाल्या. एका सासूला स्वतःलाच तो निरोप आला, तेव्हा तर ती सुनेबरोबरच दवाखान्यात गेली.

डॉ. ओवी कुंभोजकर ही त्या यंत्रावर काम करणारी मुलगी. वयानं माझ्या शिष्यांएवढी. ती माझ्याकडे आली, कारण तिला जुने आवाज वाचून बघायचे होते. कान आजचा आवाज वाचतो, मग वीस-तीस वर्षांपूर्वीचा का नाही? त्यासाठी तिला असा माणूस हवा होता की ज्याचा आवाज वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित झाला आहे आणि ज्यानं औषध कधी चुकवलं नाही. असा सपाट, सरळ रुग्ण सापडला की यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळेल. रोज ठरल्या वेळी, नवऱ्याच्या हातून गोळी घेणारी यशोमती मगदूम तिनं मुलाखतीत वाचली होती.

भरतेश म्हणाले की जुन्या कॅसेटींना बुरशी आली असेल, उगंच कशाला उचकायचं. मी कपाट उघडलं. बुरशी नव्हती.

ओवी यंत्राला एकेक मैफल ऐकवत होती आणि मी चहा करत होते. ती बोलकी मुलगी. या आजाराचा इतिहास तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मध्यम वयाच्या काही बायका हळूहळू सुजतात, मंदावतात, त्यांचा आवाज बदलतो. कारण कुणालाच कळेना. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये एक मोठा सर्जन गलगंडाच्या रोग्यांची थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढून टाकत होता. अतिशय सफाईदार शस्त्रक्रिया, जखम सुंदर भरायची. मग त्याला कळलं की त्यानं ऑपरेशन केलेली एक मुलगी वाढायची थांबली आहे आणि मठ्ठ झाली आहे. ऑपरेशन न झालेली तिची बहीण मात्र चांगली वाढली होती. सर्जननं आपले जुने रोगी परत बोलावले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, ते बहुतेक सगळे तसेच झाले होते. मग त्यानं ते जाहीरपणे मांडलं, आणि तशी शस्त्रक्रिया थांबवली.

पुढे इंग्लंडमध्ये एका तरुण डॉक्टरनं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून एका बाईला टोचला आणि ती उठून कामाला लागली. नंतर नुसती ग्रंथी खाल्ली तरी चालते असं कळलं, तेव्हा लोक ती खाटकाकडून आणून किंचित परतून खात. आमच्या जैन घरात हे वर्णन चहाबरोबर ऐकणं जरा जड गेलं. त्यानंतर हार्मोन वेगळा काढला, मग कारखान्यात बनवला, आणि त्याची ती पांढरी गोळी झाली. आवाजाचं मात्र सगळ्यांनीच लिहून ठेवलं होतं, ओवी म्हणाली. जुन्या डॉक्टरांना हा रोग आवाजावरून ओळखू यायचा. हार्मोन कमी पडला की कातडीखाली एक चिकट पदार्थ साठतो आणि पाणी धरून ठेवतो. स्वरतंतूंवरही तो साठतो. ते फुगतात, जाड होतात आणि सावकाश हलतात.

जाड तार, मी म्हणाले. ती म्हणाली, अगदी तसंच. त्या वेळी मी पुढचा विचार केला नाही.

काही दिवसांनी ओवी परत आली ती ओशाळलेल्या चेहऱ्यानं. भरतेश दुकानात होते. तिनं पडद्यावर एक रेषा दाखवली आणि म्हणाली की ताई, यंत्र बहुतेक चुकतंय. ही रेषा सरळ यायला हवी होती. ती करवतीच्या दातांसारखी आली होती. दर उन्हाळ्यात हार्मोन पुरेसा, गणपतीनंतर घसरण, पौषात तळ, शिवरात्रीनंतर पुन्हा चढ. वर्षामागून वर्ष. आणि दाणा बसवला तिथून पुढं रेषा आखल्यासारखी सपाट.

मी म्हणाले, थंडीनं होत असेल. ओवीनं मान हलवली. थंडीनं एवढा फरक पडत नाही. मग ती म्हणाली की गोळ्या खराब झाल्या असतील असं मला आधी वाटलं. ही गोळी उष्णतेनं खराब होते. पण तसं असतं तर तुमची तब्येत उन्हाळ्यात बिघडली असती, हिवाळ्यात सुधारली असती. इथं सगळं उलटं आहे. दर वर्षी रक्त तपासत होता ना तुम्ही? कधी?

मे महिन्यात, मी म्हणाले. अक्षय्यतृतीयेच्या आसपास. भरतेश घेऊन जायचे.

 मग ओवीनं विचारलं की गोळ्या कुठून यायच्या. आमच्याच दुकानातून, असं माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला ते ऐकू आलं. मग मी तिला म्हणाले की तुझं यंत्र बरोबर आहे. तू आज जा.

भरतेश जेवायला आले. मी वाढलं. ते जेवले, हात धुतला आणि रोजच्यासारखा तंबोरा पुसायला घेतला. मी समोर बसले आणि विचारलं.

"गणपती गेले की तुम्ही मला काय देत होता?"

त्यांनी नाकबूल केलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. कापड बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "गोळीच. कमी ताकदीची. दिसायला तीच असती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे, दुकानात गिऱ्हाइकाला डोस समजावून सांगावा तसं. कोल्हापूरचे लोक उठून गेले तेव्हा माझी जी अवस्था झाली ती त्यांना बघवली नाही. आवाज कशानं उतरला होता आणि कशानं चढला, हे त्यांना औषधवाल्याच्या नजरेनं लगेच कळलं होतं. खर्ज भरायला त्यांनीच लावलं, म्हणजे आवाज परत आला की तो मेहनतीनं आला असं मला वाटावं. फार कमी होऊ नये म्हणून ते माझ्या नाडीवर लक्ष ठेवत. हंगाम संपला की पुरा डोस.

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, यशू. मग ते ओझं जन्मभर तुझ्यावर राहिलं असतं. म्हणून मी घेतलं."

हे वाक्य फार चांगलं आहे. ते त्यांनी कधी तरी आधीच तयार करून ठेवलं असणार. मी काही क्षण त्या वाक्याखाली दबून बसले, कारण ते खोटं नव्हतं. मी खरंच हो म्हणाले असते. पण ते मी म्हणायचं होतं. माझ्या गळ्यानं, माझ्या तोंडानं.

मग मला मार्गशीर्ष आठवला.

आम्हाला मूल नाही. एकदाच दिवस गेले होते, अडतिसाव्या वर्षी, कुणाला आशा उरली नव्हती तेव्हा. नवरात्रात मी भरतेशना सांगितलं. ते जैन मंदिरात जाऊन आले आणि येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आले. मार्गशीर्षात गेलं ते. आठवड्याभरातच पुण्याचा महोत्सव होता. घरी बसून वेडी होशील, त्यापेक्षा गा, असं ते म्हणाले आणि मी गायले. ती माझी दरबारी. लोक आजही म्हणतात की त्या दरबारीत जे दुःख आहे ते रियाजानं येत नाही.

"त्या वर्षी," मी म्हणाले, "नवरात्रानंतर तरी पुरी गोळी दिलीत ना?"

ते तंबोऱ्याकडे बघत राहिले.  मग तिकडंच बघत म्हणाले, "महोत्सव तोंडावर होता. दोन महिन्यांनी काय होतंय, असं वाटलं मला."

मी उठून आतल्या खोलीत गेले. ते दाराशी आले. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले की कोल्हापूरचं हिवाळ्याचं आमंत्रण अजून नाकारलेलं नाही, आणि दाणा काढता येतो. आता तर तुला सगळं माहीतच आहे. एक हंगाम. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ओवीला त्या मार्गशीर्षाबद्दल विचारलं. ती आधी डॉक्टरसारखं बोलली. गर्भारपणाच्या सुरुवातीला बाळाची ग्रंथी तयार झालेली नसते. तेव्हा ते सगळं आईच्या हार्मोनवर चालतं, म्हणून आईचा डोस उलट वाढवावा लागतो. कमी पडला तर धोका वाढतो. पण त्याच कारणानं गेलं का, ते कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. मग ती माझा हात धरून बसली. तक्रार करता येईल, असंही तिनं सांगितलं.

आता मी जे लिहिणार आहे ते मला लाजेचं वाटतं, पण ते खरं आहे. त्यानंतरचे किती तरी दिवस मी दाणा काढायचा विचार करत होते. ओवीला विचारलंही. बारीकसं काम आहे, ती म्हणाली, निर्णय तुमचा, पण मी हात लावणार नाही. मी दंडावरून बोट फिरवून तो दाणा चाचपायची. हा तांदूळ काढला की मी पुन्हा मोठी गायिका. ठेवला की साठी उलटलेली, पातळ आवाजाची, ठणठणीत बाई. ज्या माणसानं मला फसवलं त्यानं मला एक आवाज दिला होता, आणि तो आवाज मला हवा होता. राग त्याच्यावर होता की माझ्यावर, तेही कळेना.

भरतेश सकाळी पाणी आणत राहिले. मी ते खिडकीबाहेर ओतत राहिले. 

एका दुपारी ते दुकानात असताना मी त्या दरबारीची कॅसेट लावली. खूप वर्षं ऐकली नव्हती. आणि खरं सांगते, गाणं सुंदर होतं. तो खालचा षड्ज, तो गंधार, कुठंही घाई नाही. मी रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं गाणं चांगलं होतं म्हणून होतं. माझं काय होतं त्यात? एवढ्या पहाटे उठून बसले, त्याचं काय? की नुसतीच सूज गात होती? ओवीला मी हे विचारलं होतं. रियाज किती आणि आजार किती हे वेगळं काढायला कान तयार केलेला नाही, असं ती म्हणाली होती.

मग अंतऱ्याची वेळ आली. ध्वनिमुद्रणात मी थांबले. तिथं लोक दाद देतात, ती माझी प्रसिद्ध शांतता. मला ठाऊक होतं की ती शांतता नव्हती, मी शब्द विसरले होते. आणि मग मागून, तारांच्या आडून, एक कुजबुज ऐकू आली. भरतेश मला पुढची ओळ देत होते. प्रेमानं, हळू, अगदी वेळेवर. त्यांना सगळं माहीत होतं. मी का विसरते आहे, का सुजले आहे, पोटात जे होतं ते कशानं गेलं असेल, हे त्या सभागृहात एकट्या त्यांना माहीत होतं. आणि ते मला शब्द देत होते.

मी टेप बंद केली आणि इलाहीभाईंकडे गेले. दसरा तोंडावर होता. त्यांनी सवयीनं जाड तारा काढल्या. मी म्हणाले, या वर्षी पातळ. त्यांनी वर पाहिलं आणि तंबोरा काळी तीनला लावून दिला.

घरी येऊन मी भरतेशना सांगितलं की कोल्हापूरला मी गाणार आहे. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी तंबोऱ्याकडे पाहिलं, एक तार छेडली आणि त्यांना कळलं.

"या आवाजात लोक बसणार नाहीत, यशू."

"नाही बसले तर नाही. तंबोऱ्यावर तुम्हीही नाही."

"मग मी कुठं बसू?"

"समोर," मी म्हणाले. "मी कशी गाते ते एकदा समोरून ऐका."

कोल्हापूरला सभागृह भरलं होतं. हिवाळ्यातली यशोमती परत आली, अशी बातमी कुणी तरी छापली होती. मी तंबोरा स्वतः घेतला. या खेपेला मला शाल लागली नव्हती. गाण्याआधी राग सांगायची माझी रीत आहे. मी म्हणाले की आज दरबारी नाही, हमीर आहे. हिवाळ्यात तुम्ही इतकी वर्षं जो आवाज ऐकलात तो आजाराचा होता. तो आजार माझा होता, पण ठेवला मी नव्हता. आजचा आवाज माझा आहे. तो कसा आहे ते मलाही अजून नीट ठाऊक नाही.

सभागृहात चुळबुळ झाली. मी सा लावला.

कसं झालं, ते सांगणं अवघड आहे. हमीर वरच्या अंगाचा राग, आणि वर माझा गळा चांगला जातो हे मी विसरूनच गेले होते. दोन ठिकाणी ताण पडला, एक तान फसली. मध्यंतरानंतर मागच्या रांगा रिकाम्या दिसल्या. पण एकदा धैवतावर मी लांब थांबले आणि माझ्या लक्षात आलं की हे थांबणं ओळखीचं आहे. पहाटेच्या अंधारात खालच्या सा वर मी हेच शिकले होते. आवाज त्यांनी उतरवला होता, थांबायला मी शिकले होते. अंतऱ्याचे शब्द माझे मला आठवले. मागून कुणी काही सांगितलं नाही.

भरतेश समोर शेवटपर्यंत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी गात होते.

ओवीचा शोधनिबंध छापून येणार आहे. ती करवतीसारखी रेषा त्यात जशीच्या तशी आहे, आणि तिचं कारणही, माझ्या संमतीनं. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही. करणार नाही, असं मी भरतेशना सांगितलेलं नाही. त्या स्विस सर्जनची मला फार आठवण येते. आपण लोकांचं काय केलं ते बघायला त्यानं सगळ्यांना परत बोलावलं होतं. मी तर रोज समोरच होते.

आज सकाळी ते पाणी घेऊन आले. तेच फुलपात्र, तेच कोमट पाणी, आणि शेजारी तसेच उभे. मी रियाजाला बसले होते. त्यांनी फुलपात्र पुढं केलं.

"ठेवा तिथं," मी म्हणाले, "आणि जा."

त्यांनी ठेवलं. थोडा वेळ घुटमळले आणि गेले. मग मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं आणि प्यायले.